हातोडीला गाता आलं ते असं

पियानोची पट्टी दाबली की आत एक छोटी हातोडी तारेवर आदळते आणि त्याच क्षणापासून सूर विरायला लागतो. पेटीचा सूर भाता चालतो तोवर टिकतो, गवयाचा दम असेतोवर. पियानोचा सूर एकदा सुटला की सुटलाच. मग हे वाद्य गातं कसं?

त्याचं एक सुंदर उत्तर जॉन फील्ड या आयरिश माणसाने शोधलं. 1782 साली डब्लिनमध्ये, व्हायोलिनवादकाच्या घरी तो जन्मला. नवव्या वर्षी मैफलीत वाजवलं आणि पुढे लंडनला मुत्सिओ क्लेमेंटीचा शागीर्द झाला. क्लेमेंटी संगीतकार तर होताच, शिवाय पियानोंचा व्यापारीही होता. गिऱ्हाइकांना वाद्याचा आवाज कळावा म्हणून दुकानात तासन्‌तास वाजवायचं काम या पोराचं. 1802 मध्ये गुरूबरोबर तो सेंट पीटर्सबर्गला गेला. गुरू परतला, फील्ड मात्र रशियातच राहिला.

आता त्याची करामत बघा. पियानोच्या तारांवर मऊ गाद्या टेकलेल्या असतात. पट्टी सोडली की गादी तारेवर बसते आणि आवाज मिटतो. पायाखालचं उजवं पेडल दाबलं की त्या सगळ्या एकदम उचलल्या जातात. मग डावा हात खाली खर्जात एक स्वर लावून वर निघून गेला तरी तो खर्ज मागे घुमत राहतो. न छेडलेल्या ताराही सारंगीच्या तरफांसारख्या झंकारतात. झंकाराच्या त्या पाण्यावर उजवा हात एकच लांबलचक चाल सोडतो. तिचा प्रत्येक सूर विरतो खरा, पण खालचा झंकार त्याला सावरून धरतो, आणि कानाला वाटतं, कुणी गातंय!

1812 मध्ये अशा रचना त्याने ‘नॉक्टर्न’, म्हणजे रात्रीशी नातं सांगणाऱ्या नावाने छापल्या. संगीतकार शोपां तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. पुढे त्यानेही नॉक्टर्न लिहिले, एकवीस! हा प्रकार जगाला ठाऊक झाला तो त्याच्यामुळे. फील्डचे नॉक्टर्न नंतर पियानोवादक लिस्टने स्वतः संपादित केले आणि त्यांना प्रस्तावनाही लिहिली.

फील्ड 1837 मध्ये मॉस्कोत वारला. शोपांचा एखादा नॉक्टर्न कधी कानावर पडला, तर क्षणभर वरची चाल सोडा आणि डावा हात ऐका. खाली घुमणाऱ्या त्या खर्जात डब्लिनचा तो पोरगा भेटेल.