नाशिकचा पाऊस, मुंबईचे रडार: मोबाइलवरच्या चित्रात नेमके काय दिसते?

पावसाळ्यात इंदिरानगरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक चित्र हमखास फिरते. नकाशावर निळे, पिवळे, लाल डाग आणि खाली मेसेज, ‘तासाभरात धो धो येतोय’. कधी तो येतो, कधी गच्चीवरचे कपडे निवांत वाळतात. रडार खोटे बोलत नाही. आपणच ते चित्र चुकीचे वाचतो.

रडार कुठे, आपण कुठे?

हे चित्र बहुतेकदा मुंबईच्या रडारचे असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मुंबईत डॉप्लर रडार नव्हते. नंतर कुलाब्याला ते बसले. वेरावलीचे दुसरे १४ जानेवारी २०२२ रोजी सुरू झाले.

कुलाब्यापासून नाशिक सरळ रेषेत सुमारे १६० किलोमीटर. रडारचा झोत जमिनीला अर्ध्या अंशाने वर रोखला, तरी पृथ्वीच्या गोलाईमुळे नाशिकला पोहोचेपर्यंत तो समुद्रसपाटीपासून जवळपास ३ किलोमीटर उंच जातो. आपले शहर सुमारे ६०० मीटरवर. म्हणजे डोक्यावरच्या पहिल्या दोन-सव्वादोन किलोमीटरमध्ये काय चालले आहे, ते या रडारला नीट दिसतच नाही. मध्ये सह्याद्री आहे, ते वेगळेच.

फाइल आणि चित्र

रडार वेगवेगळ्या कोनांत फिरून साधारण दहा मिनिटांत आकाशाची एक फेरी पूर्ण करते. प्रत्येक ठिकाणी परतलेला संकेत किती तीव्र, थेंब रडारकडे येताहेत की दूर जाताहेत, हे सगळे आकड्यांत नोंदले जाते. ही फाइल नेटवर्कवरून सर्व्हरला जाते आणि तिथे तिचे चित्र बनते. ‘मॅक्स झेड’ नावाच्या चित्रात तर त्या जागेवरच्या सर्व उंचींमधला सर्वात मोठा आकडा तेवढा उरतो. उत्तरपत्रिका न दाखवता फक्त ग्रेड सांगावी, तसे.

अमेरिकेतही १९९०च्या दशकात मूळ आकडे टेपवर साठवले जात आणि अभ्यासकांच्या हाती उशिराने पडत. १९९८ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाच्या ‘क्राफ्ट’ प्रकल्पाने सहा रडारांचा डेटा इंटरनेटवरून थेट पाठवायला सुरुवात केली. त्यातले ‘एलडीएम’ सॉफ्टवेअर दूधवाल्यासारखे काम करते. मागायचे नाही, फाइल तयार झाली की दारात हजर. २०१५ पासून हा डेटा अॅमेझॉनच्या क्लाउडवर कुणालाही खुला आहे.

आपल्याकडे हवामान विभागाची चित्रे सर्वांना मोफत दिसतात. आकड्यांची अशी खुली, थेट धार मात्र नाही.

मग बिघडते काय?

२६ नोव्हेंबर २०२३ ची निफाडची गारपीट आठवा. गारा ढगात बऱ्याच उंचीवर तयार होतात. तिथे मुंबईच्या झोताची उंची आड येत नाही. पण कोणत्या उंचीवर किती तीव्रता, हे फाइलमध्ये असते, ‘मॅक्स झेड’च्या मुख्य नकाशात नाही. आकडे हाती असतील तर एखादी स्थानिक टीम त्यावरून आपोआप इशारा देणारा प्रोग्राम लिहू शकते. तासभर आधी कळून द्राक्षबाग झाकता येणार नाही, हे खरे. पण काढलेला माल, जनावरे आणि शेतातली माणसे आडोशाला नेता येतात. ४ ऑगस्ट २०१९ सारख्या गोदावरीच्या पुरात गंगापूर धरणाच्या वर किती पाऊस साचतोय, याचा हिशोबही आकड्यांवरच होतो. रंगांची बेरीज होत नाही.

तोवर चित्र फॉरवर्ड करण्याआधी त्यावरची वेळ पाहा. ‘यूटीसी’ किंवा ‘झेड’ असे लिहिले असेल तर साडेपाच तास मिळवा. ताशी ४० किलोमीटरने सरकणारा ढग पंधरा मिनिटांत १० किलोमीटर पुढे गेलेला असतो. चित्र अर्ध्या तासापूर्वीचे असेल, तर त्यात गंगापूर धरणावर दिसणारा ढग एव्हाना इंदिरानगर ओलांडून गेलेला असू शकतो.