औषधाच्या बाटलीवरचे इंग्रजी

तालुक्याच्या एस.टी. स्टँडजवळ भिंतीवर 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी' अशा जाहिराती आपण पाहिल्या असतील. त्या वर्गांबद्दल तक्रार नाही. ज्याला मुलाखतीला जायचे आहे त्याने खुशाल जावे. पण ज्याच्या घरात फवारणीच्या चार बाटल्या, बियाण्याच्या दोन पिशव्या, ट्रॅक्टरचे कागद आणि बँकेचा एखादा करार आहे, त्याच्या घरात इंग्रजीचे पुस्तक आधीच येऊन पडलेले आहे. त्यातले इंग्रजी साधेसुधेही नाही. 'इमल्सिफायेबल', 'इंड्यूस', 'हायपोथिकेशन' हे शब्द शहरातल्या कॉलेजच्या पोरालाही अडवतात. त्याचे अडले तर दोन मार्क जातील. आपले अडले तर पीक जाते, पैसा जातो, आणि एखाद्या वेळी माणूसही जातो.

"आमच्या वेळेला इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं, आता या वयात काय डोंबल शिकणार," असे पुष्कळ जण म्हणतात. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली, त्यामुळे तक्रार अगदीच खोटी नाही. पण नाशिक-सांगलीकडच्या एखाद्या द्राक्ष बागायतदाराशी दहा मिनिटे बोलून पाहा. रेसिड्यू, पीएचआय, एमआरएल हे शब्द तो घरच्या नातेवाइकांची नावे घ्यावीत तसे घेतो. २०१० साली क्लोरमेक्वाट या संजीवकाच्या उर्वरित अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात अडली, तेव्हा 'रेसिड्यू' म्हणजे काय हे अख्ख्या द्राक्षपट्ट्याला एका हंगामात कळले. कुणी क्लास लावला नव्हता. गरज पडली, शब्द शिकले.

कुणी विचारेल की पत्रकावर मराठीही छापलेले असते, मग इंग्रजीचा खटाटोप कशाला? मराठी असते हे खरे. पण ती बारीक अक्षरात, घडीच्या पोटात असते, आणि बऱ्याचदा इंग्रजी शब्दच देवनागरीत उतरवलेला असतो. 'इमल्सिफायेबल कॉन्सन्ट्रेट' असे मराठी लिपीत छापले म्हणून ते मराठी होत नाही.

आता मोठे शब्द शिकायचे कसे, ते सांगतो. पाठांतर करू नका. शब्द फोडा. संस्कृतात 'हार' एकच, पण पुढे काय लागते त्यावर आहार, प्रहार, संहार, विहार असे वेगवेगळे अर्थ निघतात. इंग्रजीतले बरेच जड शब्द लॅटिनमधून आले आहेत आणि त्यांचीही तीच तऱ्हा आहे. एक तुकडा कळला की दहा शब्दांचे कुलूप निघते.

पहिला तुकडा 'साइड'. हा बाजू या अर्थाचा साइड नव्हे. याचे स्पेलिंग 'सी' ने सुरू होते आणि मूळ अर्थ आहे मारणे. इन्सेक्टिसाइड कीटकनाशक, फंगिसाइड बुरशीनाशक, हर्बिसाइड तणनाशक, अकॅरिसाइड कोळीनाशक, निमॅटिसाइड सूत्रकृमिनाशक, रोडेंटिसाइड उंदीरनाशक. आपल्याकडचे 'नाशक' जिथे लागते तिथे तिकडे 'साइड' लागते. पोलीस पाटलांना 'होमिसाइड' माहीत असेल, तेही यातलेच. बाटलीवर 'साइड' दिसला की त्याच्या आधी काय आहे तेवढे वाचा. बाटल्या एकाच फळीवर, एकाच रंगाच्या झाकणाच्या असतात. टू-फोर-डी हे हर्बिसाइड मारलेला पंप नीट न धुता कपाशीवर चालवला तर पाने वाकडी होऊन झाड आखडते, कारण कपाशी त्या औषधाला फार नाजूक आहे. मग किडीला शिव्या देऊन उपयोग नसतो.

दुसरा तुकडा 'एबल', म्हणजे आपला 'जोगा'. वेटेबल पावडर म्हणजे पाण्यात भिजण्याजोगी भुकटी. पेएबल म्हणजे देण्याजोगी रक्कम. नॉन-ट्रान्सफरेबल म्हणजे दुसऱ्याच्या नावावर न करण्याजोगे. आता 'इमल्सिफायेबल' घ्या, ज्याचे बाटलीवर नुसते ई.सी. होते. 'इमल्शन' या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधले दूध काढणे आहे. ई.सी. औषध पाण्यात ओतले की पाणी दुधासारखे पांढरे होते, ते आपण रोज पाहतो. शब्द तेच सांगतो आहे. एस.एल. मधला 'सोल्युबल' म्हणजे विरघळण्याजोगा. डब्ल्यू.जी. म्हणजे पाण्यात पसरणारे दाणे, आणि एफ.एस. असेल तर ते बीजप्रक्रियेचे औषध, फवारायचे नव्हे.

ही अक्षरे शोभेची नाहीत. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एस.एल. मिळते आणि ७० टक्के डब्ल्यू.जी. सुद्धा मिळते. नाव एकच, ताकद जवळजवळ चौपट. शेजारी म्हणाला 'इमिडा मार', आणि त्याचे माप आपल्या डब्याला लावले, की घोटाळा झालाच. दुकानात नाव विचारता तसे आकडा आणि ती दोन अक्षरेही विचारत जा.

आता विषाचे शब्द. बाटलीवर उभा केलेला चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग आणि वरच्या भागात शब्द. लाल आणि पिवळ्याच्या वर 'पॉयझन', निळ्यावर 'डेंजर', हिरव्यावर 'कॉशन'. लालावर कवटी आणि हाडेही असतात. हिरवा म्हणजे निर्धोक असे पुष्कळांना वाटते. सिग्नलचा हिरवा 'जा' म्हणतो, बाटलीवरचा हिरवा तसे म्हणत नाही. 'कॉशन' म्हणजे जपून.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसे दगावली, शेकडो दवाखान्यात गेली. त्यांत मजूर होते, छोटे शेतकरी होते. डोक्याच्या वर गेलेली कपाशी, तोंडाला साधा रुमाल, एका पंपात मिसळलेली दोन-तीन औषधे, अशी बरीच कारणे पुढे आली. केवळ इंग्रजी न आल्यामुळे हे झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण अशा वेळी बाटलीवरचे तीन शब्द ज्याला येतात तो माणूस घरात असणे आणि नसणे यात फरक आहे.

पहिला शब्द 'अँटिडोट'. 'अँटी' म्हणजे विरुद्ध. अँटिडोट म्हणजे विषावरचा उतारा. आपल्याला उतारा म्हटले की सात-बारा आठवतो, पण हाही उतारा तितकाच मोलाचा. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या औषधांसाठी पत्रकावर 'अट्रोपिन' लिहिलेले असते. काहींवर 'नो स्पेसिफिक अँटिडोट' असते, म्हणजे ठरावीक उतारा नाही, डॉक्टरने लक्षणांप्रमाणे उपचार करायचे. म्हणून माणसाला दवाखान्यात नेताना बाटली आणि पत्रक बरोबर न्यावे. 'निळ्या रंगाचं औषध होतं' एवढ्यावर डॉक्टर काय करणार?

दुसरा 'सिम्प्टम्स', लक्षणे. घाम, लाळ, मळमळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे असे तिथे लिहिलेले असते. उन्हाचा त्रास म्हणून झाडाखाली झोपवण्याआधी ते एकदा पाहावे.

तिसरा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काही औषधांवर 'डू नॉट इंड्यूस व्हॉमिटिंग' असे असते. गडबडीत माणसाची नजर 'व्हॉमिटिंग'वर जाते. उलटी, एवढे कळते. मग मिठाचे पाणी पाजून, घशात बोटे घालून उलटी काढायला सगळे धावतात. 'इंड्यूस' म्हणजे मुद्दाम घडवून आणणे, आणि 'डू नॉट' म्हणजे ते करू नका. ई.सी. औषधात बऱ्याचदा रॉकेलसारखा द्रावक असतो. तो उलटीबरोबर फुप्फुसात गेला तर आधीच्या विषापेक्षा वेगळाच धोका उभा राहतो. 'ड्यूस' या तुकड्याचा अर्थ नेणे. प्रोड्यूस, रिड्यूस, इंट्रोड्यूस ही त्याचीच भावंडे.

तणनाशकात 'प्री' आणि 'पोस्ट' या दोन तुकड्यांवर सगळा खेळ आहे. 'इमर्ज' म्हणजे वर येणे. अचानक वर आलेले संकट ती इमर्जन्सी. प्री-इमर्जन्स म्हणजे उगवण्यापूर्वी, पोस्ट-इमर्जन्स म्हणजे उगवल्यानंतर. पेंडीमेथॅलिन पेरणीनंतर उगवणीपूर्वी जमिनीवर मारायचे असते. तण गुडघ्याला लागल्यावर ते मारून 'औषध बोगस निघालं' म्हणणारे दर हंगामात भेटतात. आणि 'नॉन-सिलेक्टिव्ह' लिहिले असेल तर ते तण आणि पीक यांत निवड करत नाही, दोन्ही जाळते.

तुकड्यांची ही रीत एका जागी दगा देते, तेही सांगून ठेवतो. 'इन' लागला की बहुधा 'नाही' असा अर्थ होतो. इनकम्पॅटिबल म्हणजे एकत्र न चालणारे. चुना असलेल्या बोर्डो मिश्रणात बहुतेक कीटकनाशके मिसळू नयेत ती यासाठीच. पण डिझेलच्या टँकरमागे 'इन्फ्लेमेबल' लिहिलेले असते ते न पेटणारे नव्हे, झटकन पेट घेणारे. काही औषधांवर तोच शब्द नुसता 'फ्लेमेबल' असा असतो. अर्थ एकच, बिडी लांब ठेवा.

काही शब्द सोपे दिसतात आणि तेच फसवतात. कोशात 'स्क्वेअर' म्हणजे चौकोन, कपाशीत स्क्वेअर म्हणजे पाते. 'लॉजिंग' म्हटले की स्टँडसमोरचे लॉजिंग-बोर्डिंग आठवते, पण गव्हाच्या माहितीपत्रकात लॉजिंग म्हणजे पीक लोळणे. मोबाइलमध्ये 'कॉन्टॅक्ट' म्हणजे नंबरांची यादी, औषधात कॉन्टॅक्ट म्हणजे स्पर्शजन्य. त्याचा जोडीदार 'सिस्टिमिक', म्हणजे आंतरप्रवाही, रसातून झाडभर फिरणारे.

यात 'रेफ्युज' या शब्दाने आपले फार मोठे नुकसान केले. बीटी कपाशीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची बिगर-बीटी बियाण्याची छोटी पुडी येत असे. तिच्यावर 'रेफ्युज' असे छापलेले. बऱ्याच जणांनी ती हलक्या बियाण्याची फुकट पुडी समजून बांधावर टाकली. 'रेफ्युजी' म्हणजे निर्वासित, आसरा शोधणारा, हे आपल्याला ठाऊक होते. रेफ्युज म्हणजे तो आसरा. बोंडअळीला थोडे बिगर-बीटी झाड आसऱ्याला ठेवायचे, म्हणजे विष न पचवणाऱ्या अळ्याही शिल्लक राहतात, पतंगांचा संकर होतो आणि प्रतिकारशक्ती सावकाश वाढते, अशी ती योजना. गुलाबी बोंडअळीने २०१७ मध्ये काय केले ते पुन्हा सांगायला नको. एका शब्दावर सगळा दोष टाकता येणार नाही, पण पुडी काय आहे हे न कळता ती फेकली गेली हे खरे आहे.

गुलाबी बोंडअळीवरूनच 'थ्रेशोल्ड' आठवला. थ्रेशोल्ड म्हणजे घराचा उंबरठा. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग, किंवा दहा टक्के फुले-बोंडे किडकी, हा बोंडअळीचा उंबरठा. त्याच्या आत आल्याशिवाय पंप उचलायचा नाही. पीक विम्यात हाच शब्द 'थ्रेशोल्ड यील्ड' होतो, त्याला कागदावर उंबरठा उत्पन्न असेच म्हणतात. पीक कापणी प्रयोगातून निघालेले मंडळाचे उत्पन्न त्याच्या खाली आले तर भरपाईचा प्रश्न येतो. शेजारचा 'इंडेम्निटी' म्हणजे जोखीमस्तर.

सोसायटीचे सचिव आणि सरपंच मंडळींनी बँकेच्या कागदाकडे जरा लक्ष द्यावे, कारण गावात अंगठा किंवा सही करण्यापूर्वी माणूस तुम्हालाच विचारतो. ट्रॅक्टरच्या आर.सी.वर 'हायपोथिकेशन' असेल तर गाडी बँकेकडे तारण आहे, तो शेरा निघाल्याशिवाय विकता येत नाही. आणि जामीनदाराच्या करारात 'जॉइंटली अँड सेव्हरली' असे येते. कोश म्हणेल 'सेव्हरल' म्हणजे अनेक. इथे अर्थ एकेकटा, पृथकपणे. दोघे जामीन राहिले तर अर्धे-अर्धे, असे गावात सगळे धरून चालतात. हा शब्द सांगतो की सगळी रक्कम एकाकडूनही वसूल होऊ शकते. भावकीत कित्येक भांडणे या एका शब्दाने लावली असतील! सहीपूर्वी ते कलम मराठीत समजावून मागावे, त्यात कमीपणा नाही.

शब्दांसाठी दोनशे पानी वही पुरे. एका पानावर एकच शब्द: तो कुठे सापडला, कोणत्या पिकाच्या वेळी, त्याचे तुकडे काय, आणि त्याच तुकड्याचा दुसरा शब्द कोणता. आठवड्याला तीन शब्द झाले तरी वर्षात दीडशे होतात. घरातल्या दहावीच्या मुलाला वा मुलीला बरोबर घ्या, उच्चार त्यांचा, अर्थ तुमचा. भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांत कृषिशास्त्राचाही कोश आहे, तो ग्रामपंचायतीच्या वाचनालयात असायला हरकत नाही. मोबाइलवरचे भाषांतर कामाला येते, पण 'स्क्वेअर'चे चौकोन तेही करू शकते, म्हणून शंका आली तर कृषी कार्यालयात विचारा. औषधाबरोबरचे पत्रक देणे बंधनकारक आहे, ते दुकानदाराकडून मागून घ्या. अक्षर बारीक असेल तर मोबाइलने फोटो काढून मोठे करून वाचता येते, आणि तो फोटो बाटली रिकामी झाल्यावरही हंगामभर जपून ठेवा.