काम कशापाशी अडतं? क्लाउड सर्व्हर निवडताना

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने सर्व्हरवर बोलावं याचं काहींना आश्चर्य वाटेल. संयोजकांनाही वाटलं होतं. संगणकशास्त्र मी शिकलेलो नाही. आज जे सांगणार आहे ते सत्तरीनंतर, चुका करत आणि एका माजी विद्यार्थिनीची बोलणी खात शिकलो.

आम्ही काही निवृत्त मंडळींनी स्वामित्वहक्क संपलेल्या मराठी वैचारिक पुस्तकांचं एक डिजिटल दालन सुरू केलं. पानं स्कॅन करायची, त्या चित्रांतून मजकूर काढायचा आणि तो शोधता येईल असा ठेवायचा. पैसा वर्गणीचा, म्हणजे बहुतेक पेन्शनमधलाच. आमच्या वाचकांत एम.ए.ची एक दृष्टिहीन विद्यार्थिनी होती. स्कॅन केलेलं पान तुम्हाला-मला वाचता येतं, पण तिच्या स्क्रीन रीडरला ते नुसतं चित्र. त्यातून अक्षरं काढल्याशिवाय तिच्यासाठी ते पुस्तक अस्तित्वातच नाही. परीक्षेआधी तिला पाच पुस्तकं हवी होती.

आम्ही सगळ्यात स्वस्त सर्व्हर घेतला. ॲमेझॉनचा टी२.मायक्रो : एक प्रोसेसर, एक जीबी मेमरी. (मी ॲमेझॉनची नावं घेतो, कारण ती मला पाठ झाली आहेत. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअरमध्ये हाच प्रकार बी या अक्षराखाली मिळतो.) अक्षरं काढायला टेसरॅक्ट हा मोफत प्रोग्रॅम. तो मूळचा एचपी कंपनीचा, २००५ साली खुला झाला, मराठीही वाचतो. एका पानाला साधारण सहा सेकंद लागत होते. म्हणजे तासाला सहाशे पानं. आम्ही खूश!

दोन-अडीच तासांनी काम एकदम मंदावलं. एका पानाला मिनिट लागू लागलं. वेबसाइटही त्याच सर्व्हरवर, त्यामुळे वाचकांचीही पानं उघडेनात.

इथे जरा थांबू, कारण बहुतेक जण इथेच फसतात. टी गटातल्या सर्व्हरला प्रोसेसर पूर्ण वेळ मिळत नाही, त्याला 'क्रेडिट' मिळतात. एक क्रेडिट म्हणजे एक प्रोसेसर एक मिनिट पूर्ण वेगाने. टी२.मायक्रोला तासाला सहा क्रेडिट मिळतात, आणि साठवता येतात जास्तीत जास्त १४४, म्हणजे एका दिवसाची कमाई. आता हिशोब करा. पूर्ण वेगाने चालवलात तर तासाला साठ खर्च, सहा जमा, म्हणजे चोपन्नची घट. १४४ भागिले ५४ : दोन तास चाळीस मिनिटं. पुढे मिळतो दहा टक्के वेग. सहा सेकंदांचं पान साठ सेकंदांवर जातं ते असं. हे सगळं कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं होतं. आम्ही वाचलं नव्हतं, इतकंच. टी३ या पुढच्या पिढीत मूळ व्यवस्था वेगळी आहे : तो मंदावत नाही, जादा वापराचं बिल लावतो. म्हणजे एक जण पाय ओढतो आणि दुसरा खिसा.

मग आमची समिती बसली. निवृत्त प्राध्यापकांची समिती बसली की काय होतं, तुम्हाला ठाऊक आहे. ठरलं की सर्व्हर 'लहान' पडतोय, मोठा घ्या. कुणीतरी म्हणालं, माझ्या लॅपटॉपमध्ये मेमरी वाढवली आणि तो पळायला लागला. झालं, आम्ही आर गटातला सर्व्हर घेतला : दोन प्रोसेसर, सोळा जीबी मेमरी. वर्षभराचा करार केला तर सूट मिळते म्हणून खजिनदारांनी करारही करून टाकला. काम पूर्वीपेक्षा बरं चाललं, पण बिल कित्येक पट आणि बहुतेक मेमरी रिकामी. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

या गटांमागचा हिशोब सोपा आहे. प्रत्येक प्रोसेसरमागे सी गटात दोन जीबी मेमरी, एम गटात चार, आर गटात आठ. लग्नघरातला मुदपाकखाना डोळ्यांपुढे आणा. शेगड्या म्हणजे प्रोसेसर, ओटा म्हणजे मेमरी, कोठीची खोली म्हणजे डिस्क. शेगड्या सगळ्या पेटलेल्या आहेत आणि आचारी मोकळ्या शेगडीची वाट पाहतोय, तिथे ओटा वाढवून उपयोग काय? उलट ओटा अपुरा असेल तर प्रत्येक चिमूटभर हिंगासाठी कोठीपर्यंत फेऱ्या होतात, आणि शेगड्या उगाच जळत राहतात.

आणखी एक गोष्ट. ज्याला तिथे प्रोसेसर म्हणतात तो इंटेलच्या बहुतेक सर्व्हरवर अर्धाच असतो. एका खऱ्या कोअरचे दोन धागे करून दोन म्हणून मोजतात. ॲमेझॉनच्या स्वतःच्या ग्रॅव्हिटॉन चिपवर एक म्हणजे पूर्ण एक कोअर. तेव्हा आमच्या 'दोन' प्रोसेसरांच्या सर्व्हरमध्ये खरी शेगडी एकच होती.

माझी माजी विद्यार्थिनी आता संगणक क्षेत्रात आहे. तिने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, तुम्ही आम्हाला अन्वय-व्यतिरेक शिकवलात ना? मग इथे का नाही वापरलात?" लाजलो मी. चाळीस वर्षं वर्गात सांगत आलो : एक असताना दुसरं असतं आणि नसताना नसतं, तेव्हाच कार्यकारणसंबंध मानायचा. आणि पैसे मोजायची वेळ आली तेव्हा लॅपटॉपच्या दृष्टान्तावर निर्णय घेतला!

तिने शंभर पानांचा एक ठरावीक गठ्ठा घेतला आणि दर वेळी एकच गोष्ट बदलली. मेमरी निम्मी केली, प्रोसेसर तेवढेच ठेवले. वेळेत फरक नाही. मग प्रोसेसर दुप्पट केले, मेमरी तीच. वेळ जवळजवळ निम्मा. म्हणजे हे काम प्रोसेसरपाशी अडतं. असे प्रयोग करायला भाड्याचे सर्व्हर फार सोयीचे. लिनक्सच्या सर्व्हरचं भाडं २०१७ पासून सेकंदावर मोजतात, कमीत कमी एक मिनिटाचं. संध्याकाळभर चार प्रकार लावून पाहायला जो खर्च आला तो चहापाण्याच्या खर्चापेक्षा जास्त नव्हता.

प्रयोगाआधी नुसतं पाहणंही पुष्कळ सांगतं. लिनक्सवर टॉप नावाची एक साधी आज्ञा आहे. तिच्या वरच्या ओळीत काही टक्के दिसतात. 'यूएस' मोठा असेल तर प्रोसेसर खरोखर राबतोय. 'डब्ल्यूए' मोठा असेल तर तो डिस्कची वाट पाहत बसलाय. आणि 'एसटी' मोठा असेल तर तुमच्या वाट्याचा वेळ तुम्हाला मिळतच नाहीये. क्रेडिट संपलेल्या टी२ वर हाच आकडा फुगतो. आम्ही पहिल्या दिवशी तो पाहिला असता तर वर्षाचा करार वाचला असता.

मग तिने कामं वेगळी केली. हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण आम्ही 'आमचं दालन' असं एकच काम समजत होतो. प्रत्यक्षात ती तीन होती.

अक्षरं काढणं सी गटात गेलं, आठ प्रोसेसरांच्या सर्व्हरवर. पानं एकमेकांवर अवलंबून नसतात, त्यामुळे आठ ठिकाणी आठ पानं चालतात. वर ते 'स्पॉट' पद्धतीने घेतलं : कंपनीकडे पडून असलेला सर्व्हर खूप कमी भाड्याने मिळतो, पण गरज पडली की दोन मिनिटांची सूचना देऊन परत घेतात. कुणाला हे भयंकर वाटेल. आमचं प्रत्येक पान वेगळ्या फाइलमध्ये आणि सर्व्हरच्या बाहेर साठवलं जात होतं, तेव्हा सर्व्हर गेलाच तर हातातली आठ पानं जायची. हेच कुणी बँकेच्या व्यवहारांसाठी करायला निघेल तर त्याला हात जोडावेत. शेवटी सगळी पानं जोडून एक पुस्तक करणं मात्र एकामागून एकच होतं. तिथे आठ काय, ऐंशी प्रोसेसर असूनही फायदा नाही. जीन अ‍ॅमडालने १९६७ साली हेच दाखवलं. कामाचा दहावा भाग असा एकेरी असेल तर कितीही प्रोसेसर लावा, वेग दहापट होणार नाही.

शोध घेणं हे दुसरं काम, आणि त्याचा स्वभाव अगदी उलटा. शब्दांची सूची मेमरीत मावली तर उत्तर चटकन, नाही मावली तर प्रत्येक शोधाला डिस्ककडे धाव. इथे तो आर गटातला सर्व्हर कामाला आला. खजिनदारांचा करार पूर्ण वाया गेला नाही, हे त्यांना मी अजून अधूनमधून सांगतो.

तिसरं, नुसती पानं दाखवणं. दिवसभरात थोडे वाचक, संध्याकाळी जरा गर्दी. त्याला काय घेतलं असेल? तोच टी२.मायक्रो. दिवसभर क्रेडिट साठवतो, संध्याकाळी खर्च करतो. ज्याला आम्ही महिनाभर नावं ठेवली तो सर्व्हर चांगलाच होता.

ग्राफिक प्रोसेसरचे सर्व्हर आहेत. ध्वनिमुद्रणावरून मजकूर काढायचा असेल किंवा न्यूरल नेटवर्क शिकवायचं असेल तर ते लागतात, नाहीतर त्यांच्या वाटेला जाऊ नका. आतच डिस्क असलेले, फार वेगवान सर्व्हरही मिळतात. पण तो सर्व्हर बंद केला की त्या डिस्कवरचं सगळं जातं, एवढं लक्षात ठेवा.

त्या विद्यार्थिनीला परीक्षेपूर्वी पाचपैकी दोन पुस्तकं देता आली. उरलेली तीन तिच्या मैत्रिणीने रात्री बसून वाचली आणि फोनवर ध्वनिमुद्रित करून दिली. तिने तक्रार केली नाही. नव्या व्यवस्थेत ती तीन पुस्तकं एका दुपारी पूर्ण झाली, परीक्षेनंतर अकरा दिवसांनी.

प्रश्न आलाय : "आमच्या गावच्या वाचनालयाची सूची ऑनलाइन ठेवायची आहे, काय घ्यावं?" टी गटातला लहान सर्व्हर घ्या, मुंबईतला घ्या, ॲमेझॉनचं केंद्र तिथे २०१६ पासून आहे, वाचक इथले असतील तर सिंगापूर-अमेरिकेपर्यंत फेरी कशाला? महिनाभर क्रेडिटचा आलेख पाहा. आणि तोपर्यंत तुमच्या खजिनदारांना कुठल्याही करारावर सही करू देऊ नका.