शाळेचा पट घटतो तेव्हा

गावची शाळा बंद होणार अशी बातमी चावडीवर आली, की पहिला प्रश्न निघतो, "पट किती?" पट कमी म्हटला की पुढे बोलायला तोंडच राहत नाही. पण पट का घटला, हे कोणी विचारते का? या संदर्भात अमेरिकेतील शिकागो शहरातल्या एका सरकारी हायस्कुलाची हकीकत सांगतो. शहर परके खरे, पण गोष्ट आपल्या ओळखीची आहे.

शिकागोच्या दक्षिण अंगाला ब्रॉन्झव्हिल ही कृष्णवर्णीय लोकांची जुनी वस्ती. तिथे डायेट हायस्कूल आहे. वॉल्टर डायेट या संगीतशिक्षकाचे नाव शाळेला दिले आहे. विख्यात गायक नॅट किंग कोल त्यांचाच विद्यार्थी. या शाळेत यायला परीक्षा नव्हती. वस्तीतले मूल दारात आले, की त्याला घ्यायचे.

२०१२ साली शिक्षणमंडळाने ठरवले, की निकाल चांगले नाहीत, तेव्हा ही शाळा टप्प्याटप्प्याने बंद करावी. नववीत नवी मुले घ्यायची नाहीत. आहेत ती बाहेर पडली, की कुलूप.

आता हे चक्र कसे फिरते पाहा. नवी मुले येत नाहीत, म्हणून पट घटतो. तेव्हा तिथे शाळेला पैसा मिळे तो मुलांच्या संख्येवर, म्हणून पैसा घटतो. पैसा घटला की शिक्षक कमी, शिक्षक कमी झाले की विषय कमी. मग उरलेल्यांपैकी काही मुले दुसरीकडे जातात आणि पट आणखी खाली येतो. २०१५ च्या जूनमध्ये अखेरची तुकडी बाहेर पडली, तेव्हा तिच्यात अवघी १३ मुले होती. विहिरीचे झरे बुजवायचे आणि मग म्हणायचे, पाणी नाही!

पण तिथले लोक नुसते 'बंद करू नका' म्हणत बसले नाहीत. पालक, शिक्षक आणि जाणकार यांनी मिळून शाळा कशी चालवावी, याचा आराखडा लिहून काढला. त्यात पर्यावरण आणि नवे तंत्रज्ञान यांच्या शिक्षणावर भर होता. त्याला दाद मिळेना, तेव्हा १७ ऑगस्ट २०१५ रोजी १२ जण उपोषणाला बसले. त्यांत आज्याही होत्या. उपोषण ३४ दिवस चालले.

मागणी पुरती पदरात पडली का? नाही. लोकांचा आराखडा मंडळाने घेतला नाही. कलाशिक्षणाचे हायस्कूल करू, असे म्हटले. परंतु शाळा सरकारीच राहिली, प्रवेश खुला राहिला, आणि २०१६ साली तिचे दार पुन्हा उघडले.

आपल्याकडेही २०१७ साली दहापेक्षा कमी पट असलेल्या तेराशेवर शाळा जवळच्या शाळांत मिळवण्याचे सरकारने जाहीर केले होते. सरकारचीही बाजू असते. चार मुलांच्या वर्गात ना खेळ रंगतो, ना स्पर्धा. पण नकाशावरचे दोन किलोमीटर निराळे आणि पावसाळ्यात ओढा ओलांडून सात वर्षांच्या पोरीने चालायचे दोन किलोमीटर निराळे. मुलगे कसेही पोचतात. घरी बसते ती मुलगी.

म्हणून गुरुजींना आणि पालकांना एक सांगणे आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा करणे हे तिचे काम आहे. तो कागद कपाटात पडू देऊ नका. कोणते मूल कुठून येते, वाटेत ओढा कुठे, पट कोणत्या वर्षी आणि कशाने घटला, हे त्यात लिहा. नोटीस आल्यावर धावाधाव होते. आधी लिहून ठेवलेले असेल, तर बोलायला आधार राहतो.

पट हा आकडा आहे खरा; पण त्या प्रत्येक आकड्याला घर आहे आणि घरापासून शाळेपर्यंतची वाट आहे. ती वाट आधी चालून पाहावी, मग निर्णय घ्यावा.