विधी साहाय्याचा अर्ज नामंजूर झाल्यावर काय करावे?

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला आणि दुर्बल घटकांतील व्यक्तींना शासनाच्या खर्चाने वकील मिळण्याची सोय झाली. दारव्हा तालुक्यातील रहिवाशांना त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अथवा यवतमाळच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. परंतु प्रत्येक अर्ज मंजूर होतोच असे नाही. नकार मिळाला की अनेक पक्षकार खचतात, तारखेला जाणे सोडून देतात आणि दाव्याचा निकाल एकतर्फी लागतो. अशा बंधुभगिनींना साहाय्य करू इच्छिणाऱ्या आपल्या धर्मग्रामांतील कार्यकर्त्यांसाठी पुढील माहिती देत आहोत.

नकाराचे कारण जाणून घ्यावे

प्रथम नकाराचे कारण लेखी मागावे. सामान्यतः दोन कारणे असतात : अर्जदार कायद्याच्या कलम १२ मधील कोणत्याही वर्गात बसत नाही, किंवा प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य दिसत नाही. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. मात्र स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती व जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, पूर किंवा दुष्काळ यांसारख्या आपत्तीत सापडलेल्या व्यक्ती आणि कोठडीत असलेल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. अर्ज चुकीच्या रकान्यात भरला गेला असेल, तर योग्य वर्ग दाखवून तो पुन्हा करावा. उत्पन्नात घट झाली असल्यास तहसील कार्यालयाचा नवा दाखला जोडावा.

ख्रिस्ती अर्जदारांनी येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हा दर्जा केवळ हिंदू, शीख व बौद्ध धर्मीयांनाच आहे. त्यामुळे पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य समाजातून आलेल्या ख्रिस्ती व्यक्तीचा अनुसूचित जातीच्या रकान्यातील अर्ज टिकत नाही. तिने उत्पन्न, स्त्री, अपंगत्व अशा दुसऱ्या आधारावर अर्ज करावा. अनुसूचित जमातीच्या दर्जाला धर्माची अट नाही. ख्रिस्ती आदिवासी बांधवांचा हक्क कायम आहे.

नकार अन्यायकारक वाटल्यास २०१० च्या विनियमांप्रमाणे त्या संस्थेच्या अध्यक्षांकडे अपील करता येते. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात. अपिलावरील त्यांचा निर्णय अंतिम असतो.

न्यायालयाकडून मिळणारी सवलत

कोर्ट फी भरण्याचे सामर्थ्य नसलेल्या व्यक्तीला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ अन्वये निर्धन म्हणून दावा दाखल करण्याची परवानगी मागता येते. परवानगी मिळाल्यास न्यायालय तिच्यासाठी वकीलही नेमू शकते. पोटगी, घटस्फोट व कौटुंबिक हिंसाचार यांच्या प्रकरणांत स्त्रियांना राज्य शासनाने १९९४ सालीच कोर्ट फी माफ केली आहे.

फौजदारी खटल्यात आरोपीला वकील देण्याचे बंधन शासनावर अधिक कडक आहे. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मोफत वकिलाचा हक्क न्याय्य प्रक्रियेचा भाग मानला. म्हणून ऐपत नसलेल्या आरोपीने पहिल्याच तारखेला न्यायाधीशांसमोर तसे स्पष्ट सांगावे.

अल्प खर्चात वकील

वरील कोणताही मार्ग लागू नसेल, तर खासगी वकील शोधावा लागतो. गरजूला पूर्ण फी देता येत नसली तरी त्याला कायद्याचे साहाय्य मिळावे, आणि आपल्या कुवतीनुसार ते देणे हे वकिलाचे श्रेष्ठ कर्तव्य आहे, असे भारतीय विधिज्ञ परिषदेचे नियम सांगतात. तेव्हा फीविषयी बोलताना संकोच करू नये. दोन-तीन वकिलांना भेटावे. संपूर्ण दाव्याची फी किती, प्रत्येक तारखेचे वेगळे द्यावे लागेल काय, टंकलेखन व नकलांचा खर्च कोणाचा, हे आधीच विचारावे आणि हप्ते मागावेत. दिलेल्या पैशांची पावती घ्यावी. दाव्यात मिळणाऱ्या जमिनीचा अथवा रकमेचा हिस्सा फी म्हणून ठरविण्यास नियमांनी मनाई आहे. फी थकली म्हणून पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला आहे. संपूर्ण दावा परवडत नसल्यास निदान नोटीस किंवा कैफियत तयार करण्यापुरता सल्ला घ्यावा.

वकिलाविना जाता येईल अशी ठिकाणे

प्रत्येक वादासाठी वकील लागतोच असे नाही. ग्राहक आयोगात तक्रारदार स्वतः बाजू मांडू शकतो. शेताची वहिवाट अडविल्यास मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ प्रमाणे सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. मुले सांभाळत नसलेल्या वृद्ध आईवडिलांना २००७ च्या कायद्याप्रमाणे निर्वाहासाठी न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. लोकअदालतीला उत्पन्नाची मर्यादा नाही. प्रलंबित दावा तेथे मिटल्यास भरलेली कोर्ट फी परत मिळते. परंतु तेथील निवाड्यावर अपील नाही, म्हणून मजकूर समजून घेतल्याशिवाय सही करू नये.

मुदत थांबत नाही

विधी साहाय्याचा अर्ज प्रलंबित आहे, एवढ्यावरून न्यायालयाची मुदत थांबत नाही. दिवाणी दाव्याचे समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत कैफियत द्यावी लागते. न्यायालय ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करण्यास तीस दिवस असतात. प्रमाणित नक्कल मिळण्यास लागलेला काळ त्यातून वगळला जातो, म्हणून नकलेचा अर्ज शक्य तर निकालाच्याच दिवशी करावा.

साहाय्य करणाऱ्याने प्रथम समन्स अथवा निकालावरील तारीख पाहावी, शेवटचा दिवस कागदावर ठळक लिहावा आणि मगच इतर धावपळ सुरू करावी. वकील मिळेपर्यंत पक्षकाराने प्रत्येक तारखेला स्वतः हजर राहून मुदत मागावी. आपल्यापैकी कोणी त्याच्यासोबत दारव्ह्याच्या न्यायालयापर्यंत गेले, तरी त्याला मोठा आधार होतो. प्राथमिक माहितीसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.