सत्ता सोपवलेली असते: देवाविना राज्यकारभार का फसतो



आपण ज्या वस्तीत बसलो आहोत, तिच्या नावापासूनच आज सुरुवात करू. जरीपटका म्हणजे मराठी फौजेचं मानाचं निशाण. ते ज्याच्या तुकडीपुढे चाले, त्या सरदाराचा दरारा मोठा असे. पण निशाण त्याचं स्वतःचं नसे. ते वरून सोपवलेलं असे. नागपूरच्या भोसल्यांची ‘सेनासाहेब सुभा’ ही पदवीसुद्धा साताऱ्याच्या छत्रपतींकडून आलेली होती. ख्रिस्ती विचार राज्यसत्तेकडे असाच बघतो. सत्ता ही कुणाची मालकी नव्हे, ती ठेव आहे. येशू पिलातापुढे आरोपी म्हणून उभा असताना त्याने त्या रोमी सुभेदाराला हेच सुनावलं, की तुझा अधिकार तुझा नाही, तो तुला वरून मिळालेला आहे.

आणि याच वस्तीची दुसरी आठवण. १९४७ नंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या माणसांनी जरीपटका वसवला. वर बसलेल्यांनी नकाशावर एक रेघ ओढली आणि खाली लाखो माणसं बेघर झाली. राज्यकारभार फसतो म्हणजे काय, हे इथल्या जुन्या घरांना तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने सांगायची गरज नाही. का फसतो, एवढाच आजचा प्रश्न आहे.

आधी दोन शब्द नीट करून घेऊ, नाहीतर पुढे घोटाळा होईल. पहिला शब्द, ‘फसतो’. सरकार पडणं म्हणजे फसणं नव्हे. अनेक जुलमी राज्यं शंभर-शंभर वर्षं टिकली. राज्य ज्यासाठी असतं ते काम त्याच्या हातून होत नसेल, तर ते फसलं असं आपण म्हणू. ते काम म्हणजे दुबळ्याला न्याय देणं आणि बलवानाला आवरणं. दुसरा शब्द, ‘देवाविना’. याचा अर्थ ‘आस्तिक मंत्र्यांविना’ असा नाही. ‘ख्रिस्ती राजाविना’ असा तर मुळीच नाही. आपल्यावर कुणीतरी आहे, आपल्याला जाब द्यायचा आहे, हे जी सत्ता विसरते ती देवाविना. मग ती देवाचं नाव कितीही घेत असो.

आता पवित्र शास्त्रातली एक गोष्ट घेऊ. पहिल्या राजांच्या पुस्तकात एकविसाव्या अध्यायात ती आहे. नाबोथ नावाच्या शेतकऱ्याचा द्राक्षमळा अहाब राजाच्या वाड्याला लागून होता. राजाला तिथे भाजीचा मळा करायचा होता. त्याने मोबदला देऊ केला. दुसरी जमीन देतो, नाहीतर पैसे देतो, म्हणाला. नाबोथ म्हणाला, ही वाडवडलांची जमीन आहे, देणार नाही. राजा तोंड फिरवून अंथरुणावर पडला, जेवेना. मग ईजबेल राणीने सूत्रं हातात घेतली.

तिने काय केलं हे नीट बघा. तिने मारेकरी पाठवले नाहीत. राजाच्या नावाने पत्रं लिहिली, त्यांवर राजमुद्रा उमटवली आणि ती गावच्या वडीलधाऱ्यांना धाडली. उपास जाहीर झाला, सभा भरली. देवाची आणि राजाची निंदा केल्याचा आरोप ठेवला. मोशेच्या नियमशास्त्राला दोन साक्षीदार लागतात, म्हणून बरोबर दोन साक्षीदार उभे केले. निकाल लागला, नाबोथाला दगडमार झाली आणि राजा मळ्याचा ताबा घ्यायला गेला. कागदोपत्री एकही चूक नाही! हवं तर म्हणा, फाईल पूर्ण होती.

आम्ही वर्गात ही गोष्ट सांगायचो ती याच कारणासाठी. आपल्याला वाटतं, कायदा नसतो म्हणून अन्याय होतो. कायदा हवाच. पण नाबोथाला कायद्याच्या गैरहजेरीने मारलं नाही. कायद्याच्या हाताने मारलं. कायदा हे हत्यार आहे. ते कुणाच्या हातात आहे आणि तो हात कुणाला भितो, हे कायद्यात लिहिता येत नाही.

आता इस्राएलातून नागपूरला येऊ. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले. औरस मुलगा नव्हता. राण्यांनी दत्तक घेतला, कंपनी सरकारकडे अर्ज केले, वकील धाडले. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. भोसल्यांचा कारभार आदर्श होता असं आम्ही म्हणत नाही, आणि डलहौसींनीही त्यातल्या दोषांकडे बोट दाखवलं होतं. पण त्यांचं टिपण वाचलं की आणखी एक कारण दिसतं. नागपूरच्या मुलखात उत्तम कापूस पिकतो आणि इंग्लंडला कापूस हवा आहे, हे त्यात उघड लिहिलेलं आहे. अहाबाला भाजीचा मळा हवा होता, इथे कापूस हवा होता. आणि इथेही फाईल पूर्ण होती. तत्त्व होतं, टिपण होतं, परिषदेची मंजुरी होती. त्यानंतर वाड्यातले हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले आणि जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला गेलं.

ही सगळी माणसं रविवारी चर्चमध्ये जाणारी होती, मंडळी. म्हणूनच हे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतलं. ख्रिस्ती नाव लावलेलं सरकारही देवाविना चालू शकतं. मात्र त्याच परिषदेत कर्नल जॉन लो नावाचे सदस्य होते, त्यांनी खालसा करण्याविरुद्ध आपलं मत लेखी नोंदवलं. त्यांचं ऐकलं गेलं नाही. पण मत नोंदलं गेलं. नाबोथाच्या गोष्टीतही राजा मळ्यात पोचतो तेव्हा तिथे एलीया संदेष्टा उभा असतो. त्याच्याकडे पद नाही, फौज नाही. तो एवढंच विचारतो, की खून केलास आणि वर ताबाही घेतलास?

राजाला असा प्रश्न विचारायचा अधिकार कुठून येतो? आजच्या व्याख्यानाचा गाभा या प्रश्नात आहे. राजा हीच शेवटची पायरी असेल, तर प्रश्न विचारणारा हा फक्त बंडखोर ठरतो. बहुमत ही शेवटची पायरी असेल, तर अल्पमतात असलेला माणूस चूकच ठरतो. राजाच्याही वर, बहुमताच्याही वर कुणी असेल, तरच एकटा माणूस उभा राहून ‘हे चूक आहे’ असं म्हणू शकतो, आणि ते नुसतं त्याचं मत राहत नाही.

महाराष्ट्रातलं उदाहरण पाहा. १८९७ सालची पुण्यातली प्लेगची साथ. पंडिता रमाबाईंनी सरकारी प्लेग रुग्णालयातल्या गैरकारभारावर, तिथे मुली-बायकांना मिळणाऱ्या वागणुकीवर वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. सरकार इंग्रजांचं, रमाबाई ख्रिस्ती झालेल्या, त्यांच्या कामाला परदेशातल्या ख्रिस्ती लोकांची मदत. गप्प बसणं किती सोयीचं होतं! पत्राचे पडसाद थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत उमटले आणि मुंबईच्या गव्हर्नरला खुलासा करावा लागला. राज्यकर्त्यांचा धर्म आणि आपला धर्म एक आहे म्हणून देवाचा न्याय बदलत नाही, एवढं त्या बाईंना पक्कं कळलं होतं.

आता आक्षेपांकडे वळू. ते हलके नाहीत.

पहिला आक्षेप असा: देवाच्या नावाने चाललेल्या राज्यांनी काय दिवे लावले? लांब कशाला, गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडली तर, इन्क्विझिशन होतं. देवाच्या नावाने माणसांना कोंडलं, छळलं, जाळलं. ख्रिस्ती माणसाने हे झाकू नये. पण या इतिहासातून ख्रिस्ती विचाराचीच एक गोष्ट सिद्ध होते. माणूस पापी आहे, आणि तो सिंहासनावर असो की वेदीपाशी, त्याच्या हाती अमर्याद सत्ता देणं धोक्याचं आहे. राज्याने देवाला खिशात घातलं की देवाची जागा रिकामी होते. तिथे राजा बसतो, फक्त झगा देवाचा घालून. म्हणून सत्तेची वाटणी, न्यायालयाचं स्वातंत्र्य, ठरावीक मुदतीने निवडणूक या गोष्टी आम्हाला अधार्मिक वाटत नाहीत. माणसाच्या पापाचा अंदाज बरोबर असेल, तर याच व्यवस्था सुचतात.

दुसरा आक्षेप असा: देव न मानणारे लोक चांगलं राज्य करत नाहीत का? करतात. आणि शास्त्र ते मान्य करतं. यशया संदेष्टा कोरेश या परक्या इराणी राजाला देवाचा अभिषिक्त म्हणतो, आणि तो राजा देवाला ओळखत नाही हेही तिथेच सांगतो. पौल म्हणतो की ज्यांच्याकडे नियमशास्त्र नाही, त्यांच्याही हृदयावर त्याचं काम लिहिलेलं आहे. सद्सद्विवेक ही काही चर्चची खाजगी मालमत्ता नाही.

तिसरा आक्षेप नागपुरात टाळता येत नाही, आणि टाळूही नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला. त्यात ईश्वर नाही, नीती आहे. समाज एकतर कायद्याच्या किंवा नीतीच्या बंधनावर उभा राहतो आणि कायदा एकटा पुरत नाही, असं बाबासाहेबांनीच मांडलं. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी बजावलं होतं, की संविधान कितीही चांगलं असो, राबवणारे वाईट निघाले तर ते वाईटच ठरेल. इथपर्यंत आपण सगळे एकाच रस्त्यावर आहोत. दुखणं माणसाच्या आत आहे, हे धम्मही सांगतो.

मग फरक कुठे? फरक नाबोथापाशी आहे. नाबोथ मेला. उद्या राज्य सुधारलं, कायदा सुधारला, तरी त्याला काही मिळणार नाही. इतिहासात असे नाबोथ किती गेले असतील! ज्यांची नावंसुद्धा राहिली नाहीत, त्यांचा दावा कुठल्या कोर्टात उभा राहायचा? ख्रिस्ती श्रद्धा सांगते की एक न्यायासन असं आहे, जिथे मुदत संपली म्हणून फाईल बंद होत नाही. हे आम्ही सिद्ध करून दाखवू शकत नाही, ही श्रद्धा आहे. पण ती खरी असेल, तर गरिबाची किंमत सरकारने ठरवलेली नसते. तो देवाच्या प्रतिरूपात घडलेला असतो, आणि सरकारने न दिलेली किंमत सरकारला काढूनही घेता येत नाही.

आणखी एक फरक आहे. एलीयाचं बोलणं ऐकून अहाबाने कपडे फाडले, गोणपाट नेसला, नम्र झाला, आणि देवाने शिक्षा पुढे ढकलली. नाथान संदेष्ट्याने दाविदाला तोंडावर सांगितलं तेव्हा राजा म्हणाला, मी पाप केलं. ‘चुकलो’ म्हणणारा राज्यकर्ता आज आपल्याला किती वेळा दिसतो? जिथे क्षमेची शक्यताच नाही, तिथे चूक कबूल करणं म्हणजे राजकीय आत्महत्या. मग एक चूक झाकायला दुसरी, दुसरी झाकायला तिसरी. देवापुढे गुडघे टेकणारा माणूस निदान माणसांपुढे चूक कबूल करायला शिकू शकतो.

आता कुणी विचारेल, मग आपल्या संविधानात देवाचं नाव असायला हवं होतं का? हा प्रश्न खरोखर आला होता. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात देवाच्या नावाने व्हावी, अशी दुरुस्ती मांडली. कामत हे मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी, म्हणजे ज्याची राजधानी नागपूर होती त्याच प्रांताचे. पंडित हृदयनाथ कुंझरू यांनी विरोध केला. श्रद्धेसारखी गोष्ट कुणावर लादली जाऊ नये, असं त्यांचं म्हणणं. पूर्णिमा बॅनर्जी यांनी कामतांना विनवलं, की देवावर मतदान करायची वेळ आमच्यावर आणू नका. तरी मतदान झालं. बाजूने ४१, विरोधात ६८. दुरुस्ती फेटाळली गेली.

ख्रिस्ती माणसाने याचं दुःख करावं का? आम्हाला तसं वाटत नाही. विश्वास सक्तीने येत नाही, हे कुंझरूंचं म्हणणं ख्रिस्ती विचाराला धरूनच आहे. कैसराचं कैसराला आणि देवाचं देवाला द्या, असं येशूने सांगितलं तेव्हा नाण्यावर कैसराचा छाप होता. नाणं त्याला द्या. पण माणसावर छाप कुणाचा आहे? माणूस कैसराचा नाही. कागदाच्या माथ्यावर देवाचं नाव लिहिलं म्हणून सरकार देवाला जाब देणारं होत नाही, आणि लिहिलं नाही म्हणून देवाचा अधिकार कमी होत नाही. मत मोजून देव हरत नाही.

शेवटी आपल्या कामाचं बोलू. पौल तीमथ्याला सांगतो की राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा. त्यांच्यासाठी प्रार्थना करा म्हणतो, त्यांची प्रार्थना करा म्हणत नाही! ज्याच्यासाठी आपण प्रार्थना करतो, तो आपल्यासारखाच गरजू माणूस आहे हे आपण विसरत नाही. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा बाबासाहेबांनी त्याच २५ नोव्हेंबरच्या भाषणात दिला होता. आम्हा ख्रिस्ती लोकांना तर पहिली आज्ञाच ती आहे, माझ्याखेरीज तुला दुसरे देव नसावेत. आपण ती मूर्तींच्या संदर्भात वाचतो. ती पुढाऱ्यांच्या संदर्भातही वाचावी.

म्हणून उद्या वॉर्डातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईचं निराधार योजनेचं प्रकरण तालुक्याच्या किंवा महापालिकेच्या टेबलावर अडकलं असेल, तर तिच्याबरोबर जा. माहितीच्या अधिकारात अर्ज करा. आपल्या समाजाचा, आपल्या पक्षाचा माणूस चुकत असेल तर आधी त्याला सांगा. साक्ष द्यायची वेळ आली तर खरी द्या, कारण नाबोथाला राणीच्या पत्राने जितकं मारलं तितकंच त्या दोन खोट्या साक्षीदारांनी आणि गप्प बसलेल्या गावाने मारलं. राज्य फसतं तेव्हा ते फक्त वर फसत नाही. खाली आपणही ‘मला कुणाला जाब द्यायचा आहे?’ असं म्हणत असतो.

तो जाब आपल्या सगळ्यांना द्यायचा आहे, राजाला आणि रयतेलाही. इतकं बोलून थांबतो. आता प्रश्न घेऊ. मतभेद असलेल्यांनी आधी विचारावं.