चावी हरवली आणि टाकी उघडेना

तोरणमाळच्या घाटात किंवा धडगावच्या वाटेवर मोटारसायकलची चावी हरवली, तर ओळखीचा मेकॅनिक वायर जोडून गाडी सुरू करून देतो. टाकीचं झाकण मात्र बंदच राहतं. मग हातोडी, ड्रिल, ग्राइंडर निघतात, आणि नेमकं तेच करू नये. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते; नंदुरबारचा उन्हाळा तर शून्यावर चाळीस ओलांडतो. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली साचते, दिसत नाही, आणि एका ठिणगीने भडकते. शिवाय ड्रिलचा कीस टाकीत पडून पुढे इंधनाच्या वाटेत अडकतो.

झाकणावरचे दिसणारे स्क्रू काढूनही बहुतेकदा उपयोग होत नाही. त्यांतले काही नुसते शोभेचे असतात, आणि खरा स्क्रू अनेक गाड्यांत झाकण उघडल्यावरच हाती लागतो.

आधी घरची दुसरी चावी शोधा. नव्या गाडीच्या चावीसोबत अनेकदा धातूची छोटी पट्टी येते; तिच्यावरचा क्रमांक जपला असेल तर काम सोपं होतं. नाहीतर शहादा-नंदुरबारच्या चावीवाल्याकडे जा. तो कोरी चावी कुलपात फिरवून, उमटलेल्या खुणांवर कानस मारत नवी घडवतो. त्याने आरसी मागितली तर रागावू नका, मागायलाच हवी.

चावी असूनही फिरत नसेल, तर दोष धुळीचा असू शकतो. थोडी ग्रॅफाइट पूड घाला, झाकण तळव्याने दाबून धरा आणि मग चावी फिरवा.